भूल उतरतानाची दहा मिनिटं

ऑपरेशन संपलं की थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक एकच विचारतात : शुद्धीवर आले का? इंदुरात हा प्रश्न बहुतेक वेळा हिंदीत येतो, "होश आ गया क्या?" प्रश्न रास्तच आहे, फक्त अपुरा आहे. आजच्या भुलीत माणसाची शुद्ध एका औषधाने घालवलेली असते, वेदना दुसऱ्याने थोपवलेली असते आणि स्नायूंतला जोर तिसऱ्याने काढून घेतलेला असतो. तिन्ही गोष्टी बरोबरीने परत येतील असा काही नियम नाही. शुद्ध आली आहे आणि जोर आलेला नाही, असंही होतं. तेव्हा रुग्णाला ते सांगता येत नाही, कारण सांगायला जी जीभ हलवायची तीही स्नायूच. हे पुस्तक या तिसऱ्या औषधाविषयी, म्हणजे रिलॅक्संटविषयी आहे; आणि खरं तर त्याहून जास्त, त्याचा परिणाम उलटवण्याविषयी आहे. थिएटरात या कामाला सगळे 'रिव्हर्सल' म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

रिलॅक्संट लागतात कशाला, हे थोडक्यात सांगतो. पोट उघडणाऱ्या सर्जनला पोटाची भिंत सैल हवी असते, भूलतज्ज्ञाला श्वासनळीत ट्यूब घालताना स्वरयंत्र स्थिर हवं असतं. पूर्वी हा सैलपणा इथर किंवा क्लोरोफॉर्म खूप खोलवर देऊन मिळवत. त्यात हृदय आणि श्वास दोन्ही पणाला लागत. रिलॅक्संट आल्यावर भूल हलकी ठेवूनही स्नायू सैल करता येऊ लागले. मोबदल्यात एक जबाबदारी गळ्यात पडली. श्वासाचे स्नायूही सैल पडतात, त्यामुळे तेवढा वेळ श्वास आपण द्यायचा आणि शेवटी तो ज्याचा त्याला परत करायचा.

या शास्त्राचा इतिहास नेहमी विषाच्या बाजूने सांगितला जातो : दक्षिण अमेरिकेतली जंगलं, बाणाच्या टोकाला लावलेलं क्युरारे, तडफड न करता कोसळणारं जनावर. उताऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तोच इतिहास जास्त उद्बोधक आहे. १८१४ मध्ये लंडनला चार्ल्स वॉटरटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका गाढविणीला क्युरारे टोचलं. तिचा श्वास थांबल्यावर तिच्या श्वासनळीला छेद देऊन भात्याने हवा भरत राहिले. काही तासांनी ती उठून उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं जगली. म्हणजे पहिला उतारा औषध नव्हताच. श्वास देत राहायचं आणि विष ओसरायची वाट पाहायची, एवढंच त्यात होतं. पुढे येणारी सगळी औषधं याच उपायाची मुदत कमी करण्यासाठी आहेत, त्याला बाद करण्यासाठी नाहीत. नवशिक्या डॉक्टरने हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.

दुसरा उतारा आला पश्चिम आफ्रिकेतून. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात गुन्ह्याचा निवाडा करण्यासाठी आरोपीला एक विषारी बी खायला घालत. जगला तर निर्दोष. एडिंबरोच्या रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये ती बी स्वतः चाखून पाहिली आणि आजारी पडले. तेव्हाच्या प्राध्यापकांची हौस औरच! १८६४ मध्ये या बीमधून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं. १९०० मध्ये व्हिएन्नाच्या याकोब पाल यांच्या लक्षात आलं, की क्युरारे दिलेल्या कुत्र्याला फायसोस्टिग्मिन टोचलं की तो पुन्हा श्वास घेऊ लागतो. क्युरारे ऑपरेशन थिएटरात यायला मात्र १९४२ साल उजाडलं. २३ जानेवारीला मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये एका तरुणाला ते दिलं. म्हणजे विष कामाला लावण्याच्या बेचाळीस वर्षं आधी त्याचा उतारा हाती होता. वैद्यकात असा क्रम क्वचितच सापडतो.

मधल्या काळात उतारा एका रोगाच्या वाटेने पुढे सरकला. १९३१ मध्ये नियोस्टिग्मिन प्रयोगशाळेत तयार झालं. लंडनमध्ये ग्रिनिचच्या रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी १९३४ मध्ये मायस्थेनियाच्या रुग्णाला आधी फायसोस्टिग्मिन दिलं आणि पुढच्याच वर्षी नियोस्टिग्मिन. मायस्थेनियात दिवस चढेल तसा स्नायूंचा जोर ओसरत जातो आणि पापण्या मिटू लागतात. त्याची लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी दिसतात, या एका निरीक्षणावर त्यांनी उपचार बेतला. झाकलेली पापणी काही मिनिटांत वर गेली.

युद्धानंतर लिव्हरपूलच्या ग्रे आणि हॉल्टन यांनी हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला आणि क्युरारे रोजच्या वापरात आलं. १९४७ मध्ये अमेरिकेत स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने एक प्रयोग स्वतःवरच करवून घेतला. भूल न घेता, पूर्ण जागेपणी, सगळे स्नायू निकामी होतील इतकं क्युरारे त्याने घेतलं. बाहेर आल्यावर त्या काळात बोललेलं, केलेलं सगळं त्याने सांगितलं. रिलॅक्संट झोप देत नाही आणि वेदनाही थांबवत नाही, हे तेव्हा पक्कं झालं. १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांचा अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांचा अभ्यास आला. सुमारे सहा लाख भुलींचा तो हिशेब होता. रिलॅक्संट वापरलेल्या दर ३७० रुग्णांमागे भुलीमुळे एक मृत्यू होता, न वापरलेल्या दर २,१०० मागे एक. दोष औषधातच आहे असं लेखकांना वाटलं. इंग्लंडमधल्यांनी लगेच प्रतिवाद केला : औषधाला दोष देण्याआधी श्वास नीट दिला का आणि उतारा दिला का, ते पाहा. मला स्वतःला इंग्लंडमधल्यांचं म्हणणं पटतं, पण आकडे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. उलटवण्याचं शास्त्र खऱ्या अर्थाने या वादातून उभं राहिलं.

आपल्या शहरातलं भूलशास्त्रही याच काळातलं. इंदुरात वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून आहे. किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेलेली ती जुनी शाळा १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय झाली आणि पुढच्या दशकात शेजारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाची इमारत उभी राहिली. होळकरांच्या शेवटच्या राजाचं नाव लोकांनी 'एम. वाय.' या दोन अक्षरांत बसवलं. भूलतज्ज्ञांची भारतीय संघटनाही १९४७ चीच. एम. वाय.च्या टेबलावर धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन इथले रुग्ण येतात. कुणाला भिली येते, कुणाला निमाडी, तर कुणा वृद्धेला राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी. ट्यूब काढण्याआधीच्या सूचना त्यामुळे इथे तीन-चार भाषांत द्याव्या लागतात. "माँजी, आँखें खोलो, सिर उठाओ." उत्तर आलं नाही, की कुणीतरी वाकून म्हणतं, "आजी, डोळे उघडा. मान उचला बघू." मध्य प्रदेशने २०२२ मध्ये वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तकं काढली आणि त्यावर भरपूर वाद झाला. त्या वादात मला शिरायचं नाही. मराठीत मी लिहितोय, कारण मला विचार करायला हीच भाषा सोपी जाते आणि इंदुरात ती वाचणारे अजून पुष्कळ आहेत.

आता मान उचलण्याच्या त्या परीक्षेकडे येतो, कारण या पुस्तकाचा निम्मा भाग तिच्याशी भांडण्यात गेला आहे.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात एक अगदी बारीक फट असते. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, फट ओलांडतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसतं, स्नायू आकसतो. फटीत एक एन्झाइम असतं, ते काम झालेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचे क्षणात तुकडे करतं. लग्नाच्या पंगतीत पाट ठरलेले असतात. रिलॅक्संट म्हणजे पाटावर येऊन बसलेला, पण पानाला हात न लावणारा पाहुणा. तो जेवत नाही आणि दुसऱ्याला बसूही देत नाही. नियोस्टिग्मिन त्याला उठवत नाही. ते फक्त अ‍ॅसिटिलकोलिनला हाकलणाऱ्या एन्झाइमला थोपवतं, त्यामुळे खऱ्या जेवणाऱ्यांची गर्दी वाढते आणि रिकाम्या होणाऱ्या पाटावर तेच बसत जातात. एन्झाइम पूर्ण थोपवून झालं, की नियोस्टिग्मिन वाढवून काही मिळत नाही. सगळेच पाट अडलेले असताना ते दिलं तर म्हणूनच उपयोग होत नाही.

निसर्गाने इथे साठा भरपूर ठेवला आहे. पेटन आणि वॉड यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की सुमारे ७० ते ७५ टक्के रिसेप्टर अडल्याशिवाय स्नायूचा झटका कमी होतच नाही, आणि तो पूर्ण नाहीसा व्हायला नव्वद टक्क्यांच्या वर रिसेप्टर अडावे लागतात. याचा उलटा अर्थ कुणी फारसा लक्षात घेत नाही. स्नायू वरकरणी ठीक हलतोय असं दिसतं, तेव्हाही दोनतृतीयांशाहून जास्त रिसेप्टर अडलेले असू शकतात. राखीव साठा संपलेला असतो. रुग्ण शांत पडून आहे तोवर भागतं. त्याला खोकायचं असेल, तोंडात आलेली लाळ गिळायची असेल, सैल पडलेली जीभ मागे जाऊन घशात अडत असेल, तेव्हा गरज पडते ती नेमकी याच साठ्याची.

मोजायची रीत सोपी आहे. करंगळीच्या बाजूला मनगटावर दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्यांतून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार बारीक विद्युत्-धक्के द्यायचे. अंगठा चार वेळा आत ओढला जातो. स्नायूत रिलॅक्संट शिल्लक असेल तर चौथी ओढ पहिलीपेक्षा कमी पडते. चौथीला पहिलीने भागलं की जे येतं ते चारांचं गुणोत्तर. अली, अटिंग आणि ग्रे यांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. यातले ग्रे म्हणजे लिव्हरपूलचे तेच. दशकभराने, १९७९ मध्ये, डेन्मार्कच्या व्हिबी-मोगेन्सेन यांनी रिकव्हरीतल्या रुग्णांचे अंगठे मोजले, तेव्हा ४२ टक्के रुग्णांत हे गुणोत्तर ०.७ च्या खाली निघालं. सगळ्यांना उतारा दिलेला होता.

०.७ ही तेव्हाची पास होण्याची रेषा. पुढे ती ०.९ वर गेली. कशामुळे गेली, ते कॉपमन यांच्या १९९७ च्या अभ्यासात दिसतं. त्यांनी जागे असलेले निरोगी स्वयंसेवक घेऊन त्यांना थोडं-थोडं रिलॅक्संट दिलं. गुणोत्तर ०.६ च्या आसपास असतानाही बहुतेकांना पाच सेकंद मान उचलून धरता येत होती. मात्र तेवढ्याच जोरात जीभ दाबायची लाकडी पट्टी दातांत घट्ट धरता येत नव्हती, एकाच्या दोन आकृती दिसत होत्या. एरिकसन यांनी त्याच सुमारास दाखवलं, की ०.९ च्या खाली गिळण्याचा ताळमेळ बिघडलेला असतो. त्याआधी त्यांनी हेही दाखवलं होतं, की प्राणवायू कमी पडल्यावर श्वास वाढवायची शरीराची धडपडही ०.७ ला मंदावलेली असते. म्हणजे मान उचलली म्हणून ट्यूब काढणं हा पुरावा नव्हे, तो अंदाज आहे. आणि अंगठ्याला बोट लावून चार ओढी मोजणंही पुरत नाही, कारण गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की हाताला चारही ओढी सारख्याच वाटतात. ०.४ ते ०.९ एवढा पट्टा बोटाला कळत नाही. तो यंत्रच दाखवतं.

"एकच डोस दिला होता, दोन तास झाले, उतरलाच असेल" हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे. फ्रान्समध्ये देबान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमक्या अशाच रुग्णांना मोजलं. एकाच डोसनंतर, रिव्हर्सल न देता, दोन तास उलटून गेलेल्यांतही ३७ टक्के ०.९ च्या खाली होते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये मार्गदर्शन काढून अंगठ्यावर यंत्राने मोजूनच ट्यूब काढावी असं सांगितलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजूनही घड्याळ, पोटाची हालचाल आणि मान यांच्यावरच चालतं. पैशाचं कारण खोटं नाही, पण ते अर्धवट आहे. नव्या थिएटराला दिवे, स्क्रीन आणि संगमरवर बसवणाऱ्यांना हे छोटं यंत्र महाग वाटतं, तेव्हा मला हसू येतं.

आता औषधांबद्दल. आपल्याकडे नियोस्टिग्मिन सहसा ग्लायकोपायरोलेटबरोबर देतात. कारण एन्झाइम थोपवलं की अ‍ॅसिटिलकोलिन फक्त स्नायूंपाशीच वाढत नाही. हृदय मंदावतं, लाळ सुटते, श्वासनलिका आवळतात. ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन तेवढी बाजू सांभाळतं. मात्रा साधारण दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम आणि एकूण पाच मिलिग्रॅमच्या आत. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे दहा मिनिटं लागतात. आमच्या थिएटरांत सगळ्यात मोठी घाई होते ती याच दहा मिनिटांत : पुढचा पेशंट दारात, सर्जन चहाला गेलेला, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभा. सुई टोचली आणि तीन मिनिटांत ट्यूब बाहेर. नियोस्टिग्मिनची बदनामी बरीचशी या घाईमुळे झाली आहे.

सुगामाडेक्स या दुसऱ्या औषधाचा मार्गच वेगळा. स्कॉटलंडमध्ये ऑर्गनॉन कंपनीत अँटन बॉम रोक्युरोनियम हे रिलॅक्संट विरघळवायला एखादा साखरेचा रेणू शोधत होते. शोधता-शोधता लक्षात आलं, की आठ ग्लुकोजचं कडं रोक्युरोनियमला पूर्ण पोटात घेतं. मग त्याला बाजूच्या साखळ्या जोडून घेतल्या. रिसेप्टरला हात न लावता, रक्तातच औषधाला पकडून निकामी करायचं. त्याचं रक्तातलं प्रमाण घसरतं आणि फटीतलंही बाहेर येऊ लागतं. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये त्याला परवानगी मिळाली. खोल शिथिलतेतूनही ते दोन-तीन मिनिटांत बाहेर काढतं. चार ओढींपैकी दोन परत आल्या असतील तर दर किलोला २ मिलिग्रॅम, खोल असेल तर ४, आणि ट्यूब जातच नाही अशा संकटात १६. बंधनंही आहेत. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या दोघांनाच ते धरतं. अ‍ॅट्राक्युरियम या रिलॅक्संटवर त्याचा काही परिणाम नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरायला सांगावं लागतं, आणि घाईत हे सांगायचं राहून जातं. शिवाय नियोस्टिग्मिनच्या तुलनेत ते कितीतरी पट महाग. माझं मत स्पष्ट आहे : हाती पैसे थोडे असतील तर आधी मोजण्याचं यंत्र घ्यावं, मग हे औषध. मोजल्यावर कित्येकांना नियोस्टिग्मिन पुरतं, असं दिसतं.

रिव्हर्सल शेवटचं काम आहे असं वाटतं, पण त्याचा निर्णय सुरुवातीला रिलॅक्संट निवडताना झालेला असतो. अ‍ॅट्राक्युरियम शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेला आपोआप मोडतं; मूत्रपिंड बिघडलेल्यांना म्हणून सोयीचं, पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि थंड पडलेल्या रुग्णात त्याचा असर लांबतो. झटके रोखायला मॅग्नेशियम दिलेल्या बाळंतिणीत आणि अमिकासिनसारखी प्रतिजैविकं चालू असलेल्यांत हाच लांबण्याचा धोका असतो. स्कोलिन या रिलॅक्संटला तर उताराच नाही. ते रक्तातल्या एका एन्झाइमने मोडतं; ते एन्झाइम जन्मतः कमी असेल, तर तासन्‌तास व्हेंटिलेटरवर ठेवून वाट पाहायची. भारतात, विशेषतः दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात, ही कमतरता बरीच आढळते. त्यामागचा जनुकीय बदल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास उशिरा आला होता का, हा एक प्रश्न त्यासाठी ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवावा.

थिएटराबाहेर हे शास्त्र जेवढं आपल्या मुलखाचं आहे, तेवढं फारच थोड्या देशांचं असेल. नागाचं विष नेमकं क्युरारेसारखं रिसेप्टरवर बसतं, त्यामुळे आपल्याकडे सर्पदंशाच्या उपचारात अ‍ॅट्रोपिन आणि नियोस्टिग्मिन देऊन पापणी किती उघडते, हे मोजून पाहतात. मेरी वॉकर यांनी पाहिलं ते हेच. मण्यारीचं विष मात्र तंतूचं टोकच निकामी करतं. अ‍ॅसिटिलकोलिन सुटतच नाही, मग नियोस्टिग्मिन वाढवणार काय? जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री चावणारी ती मण्यारच. तिच्या दंशाला पुन्हा वॉटरटनचा उपाय : श्वास देत राहायचा आणि दिवस मोजायचे. २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नाग आणि मण्यार यांच्या दंशांचा खेड्यातला उपचार बारकाईने लिहून ठेवला आहे. भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो वाचावाच.

दुसरं उदाहरण शेतातलं. निमाडच्या कापसावर आणि माळव्याच्या सोयाबीनवर फवारली जाणारी कित्येक कीटकनाशकं फटीतलं तेच एन्झाइम मारतात. नियोस्टिग्मिन ते काही काळ थोपवतं, ही कायमचं निकामी करतात. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वापरलेल्या मिश्रणांत या वर्गातली औषधंही होती. अशी फवारणी करणारा कुणी उद्या फ्रॅक्चर घेऊन आला आणि त्याला कुणी न विचारता स्कोलिन दिलं, तर ते लवकर उतरणार नाही, कारण ते मोडणारं रक्तातलं एन्झाइमही या औषधांनी मारलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

वाचकांसाठी थोडी वाट दाखवतो. भूलशास्त्र शिकणाऱ्यांनी मोजण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि एकदा स्वतःच्या मनगटावर ते यंत्र लावून पाहावं. दुखतं, पण त्यावाचून कळत नाही. थिएटरातल्या नर्स आणि तंत्रज्ञांसाठी रिकव्हरीवरचं प्रकरण लिहिलं आहे, कारण ट्यूब काढल्यावर पेशंट त्यांच्या हाती असतो. डॉक्टर नसलेल्यांनी रसायनाची पानं खुशाल गाळावीत. आई-वडिलांच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना काय विचारायचं, ते आठव्या प्रकरणात आहे. डोसांचं कोष्टक शेवटी दिलं आहे, ते ओ.टी.च्या भिंतीवर लावता येईल इतक्या मोठ्या टायपात छापा, असं प्रकाशकांना सांगितलं आहे.